पालथे गिलास

आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. त्या गंगेची पायी परिक्रमा करायला माझी आई आणि माझी आत्या दिवाळी उरकून निघाल्या. त्र्यंबकहून एका काठानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं नावेनं मुख ओलांडायचं आणि दुसऱ्या काठानं परत त्र्यंबकला यायचं. साठी गाठलेल्या दोन बायका, पाठीवर एकेक झोळी, आईच्या पायात माझ्या भावानं घेऊन दिलेले कापडी बूट आणि आत्याच्या पायात रबरी चप्पल. आत्याला बूट घाला म्हटलं तर ती म्हणाली, "बूट घालून मी काय परेडीला चालले का?"

मी तेव्हा लातूरला एका खोलीत राहत होते. खोली माझ्या लेकीच्या बारावीसाठी घेतली होती. त्या वर्षांत लातूरच्या गल्ल्या अशा आयांनी भरलेल्या असत. नवरा नोकरीच्या गावी, आपण इथं एका खोलीत, कोपऱ्यात गॅस, भिंतीवर क्लासचं वेळापत्रक. आम्ही एकमेकींना नावानं ओळखत नसू, पोरांच्या मार्कांवरून ओळखत असू. मला मुळातच कुठल्याही गोष्टीचं वेळापत्रक केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यात हे वातावरण. आईच्या परिक्रमेचंही मी वेळापत्रक करून दिलं होतं. ते आत्यानं वाटेत पहिल्याच आठवड्यात चूल पेटवायला वापरलं, असं मला पुढं कळलं.

आत्या निघाली याचं कुणाला नवल वाटलं नाही. ती बाबांची धाकटी बहीण. जळकोटजवळच्या खेड्यात राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत मुलं बघायची, आणि घरात बसलं की तिचे पाय शिवशिवायचे. नवल आईचं होतं. बाबांना सोडून ती कधी माहेरीही फार राहिली नव्हती, कारण बाबांना एकटं झोपता येत नसे. आणि हे सांगायचं तर भूकंपापासून सांगावं लागतं.

बाबा मास्तर. भूकंपाच्या वेळी ते लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यावर नोकरीला होते. दगडमातीचं घर, भिंती हात-हात रुंद, आणि आत ढेकूण इतके की आम्ही सगळे अंगणात झोपायचो. त्या पहाटे ते घर आमच्या डोळ्यांसमोर बसलं. आम्ही वाचलो ते ढेकणांमुळं. शेजारचे वाचले नाहीत. त्यानंतर किती तरी महिने सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं, आणि घराघरांत एक रीत पडली. झोपताना उशाशी स्टीलचे गिलास एकावर एक पालथे रचायचे. जमीन जराशी जरी हलली तरी मनोरा कोसळून आवाज होणार, जाग येणार, पळता येणार. तेव्हा हे सगळेच करायचे. मग हळूहळू लोक विसरले, पक्की घरं आली, गिलास परत पाणी प्यायच्या कामाला लागले. बाबा तेवढे विसरले नाहीत.

पुढं बदली होऊन आम्ही नांदेडला आलो. बाबांनी चांगलं स्लॅबचं घर बांधलं आणि त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची पडवी काढली. घर आमच्यासाठी, पडवी त्यांच्यासाठी. थंडी असो, डास असो, ते पडवीतच झोपणार, आई शेजारच्या खाटेवर, आणि दोघांच्या मध्ये गिलासांचा मनोरा. मांजरानं धक्का दिला की खणखणाट होऊन सगळं घर रस्त्यावर. भूकंपानं आम्हाला एकदाच पळवलं, मांजरानं किती वेळा पळवलं त्याला हिशेब नाही.

बाबा भिंतीला टेकून कधी उभे राहायचे नाहीत. कुणाची वाट बघायची झाली की रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे, जिथं वरून काही पडणार नाही. रिक्षावाले शिव्या घालत बाजूनं जायचे. जिना तर ते चढतच नसत. लग्नाची पंगत वरच्या मजल्यावर असली की म्हणायचे, "वर उकडतंय, मी खालीच बरा." भीती हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. ते नेहमी उकाड्याबद्दलच बोलायचे, डिसेंबरात सुद्धा.

आईनं याचा कधी बाऊ केला नाही. फक्त एकदा, माझ्या लातूरच्या खोलीवर आली असताना, दार लावून पंख्याखाली आडवी झाली आणि म्हणाली, "असं आपल्या घरात एकदा झोपायचंय बघ मला. दार लावून." मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी उगाच भांडी घासायला बसले.

परिक्रमेचे नियम दोन होते आणि ते पक्के होते. नदी मध्येच ओलांडायची नाही, आणि पुरी होईपर्यंत आपल्या घराचा उंबरा चढायचा नाही. आमचं घर नांदेडच्या जुन्या शहरात, म्हणजे ज्या काठानं त्या समुद्राकडं निघाल्या त्याच काठावर. जाताना दोघी घरावरूनच गेल्या. अंगणातल्या लिंबाखाली बसल्या, वहिनीनं दिलेला चहा प्यायल्या. बाबा पडवीत वर्तमानपत्राची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. आई म्हणाली, "येते मग." बाबा म्हणाले, "बरं." एवढाच निरोप. त्यानंतर त्या धर्माबादवरून पुढं तेलुगू मुलखात गेल्या आणि आम्हाला फक्त अधूनमधून कुणाच्या तरी फोनवरून आत्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

आईशिवाय त्या पडवीत बाबांचं काय होत असेल याचा विचार मला यायचा. भाऊ सांगायचा की बाबा गिलास पूर्वीपेक्षा उंच रचतात आणि आईचं नाव काढलं की उठून जातात.

उन्हाळा तापायला लागला तेव्हा दोघी परतीच्या वाटेवर दुसऱ्या काठानं नांदेडसमोर आल्या. आता मध्ये गंगा. घर पलीकडं, आणि पूल ओलांडला की परिक्रमा खंडित. ठरलं असं की अलीकडच्या नव्या वसाहतीत तीन दिवस मुक्काम करायचा, पायांना विश्रांती द्यायची, घरच्यांनी इकडं येऊन भेटायचं. बंदोबस्त माझ्याकडं आला. लेकीला शेजारच्या खोलीत पोरीसाठी राहणाऱ्या एका आईवर सोपवून मी लातूरहून निघाले. लातूरचा रस्ता त्याच काठावर येतो, मला नदी ओलांडावी लागत नव्हती.

जागा मी अशी शोधली की माझं मलाच कौतुक वाटलं. भावाच्या ओळखीच्या एकाचं मुलींचं वसतिगृह होतं, तिथंही आता क्लासचं पीक आलेलं. बारावीची परीक्षा संपून पोरी गावी गेलेल्या. पलंग, कूलर, गरम पाणी, खाली मेस. तिसऱ्या मजल्यावरची खोली मी मुद्दाम मागून घेतली, कारण वर वारा छान आणि गॅलरीतून लांबवर पलीकडचं शहर दिसायचं. आमचं घर दिसत नव्हतं, पण घराजवळची पाण्याची टाकी दिसायची. आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल, पण आमच्या घरातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. दोन वर्षं पोरीच्या क्लासपायी मी इतक्या वसतिगृहांचे जिने चढले होते की चांगली जागा म्हणजे हवेशीर आणि अभ्यासाला शांत, एवढंच मला कळत होतं.

दोघी आल्या तेव्हा मी आईला क्षणभर ओळखलंच नाही. काळी पडलेली, वाळलेली, टाचा भेगाळलेल्या, एका पायाच्या अंगठ्याचं नख गेलेलं. पण चाल अशी की मीच मागं पडत होते. आत्या खोलीत शिरताच पलंगावर पालथी पडली आणि म्हणाली, "भात खाऊन खाऊन लई जीव विटला बाई. आधी भाकर दे, मग काय इचारायचं ते इचार." मी मेसमधल्या मावशींकडून ज्वारीच्या भाकरी करून घेतल्या, शेंगदाण्याची चटणी मी लातूरहून आणलेली. आत्यानं भाकरीचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी कोमट पाण्यात मीठ टाकून आईचे पाय बुडवले. तिनं तेवढ्यात विचारलं, "ते कधी यायलेत?"

भाऊ निरोप घेऊन आला होता आणि तो सांगताना जमिनीकडं बघत होता. बाबा म्हणाले होते, मी येणार नाही. घर इकडं हाय. लई झालं चालणं, आता यावं म्हणावं घरी.

मी भावाच्या फोनवरून बाबांशी बोलले.

"बाबा, अहो इतक्या लांबून चालत आलीय ती. पूल ओलांडून या की."

"तिथं उकडत असंल."

"कूलर आहे. आणि तिसरा मजला आहे, वारा मस्त येतो."

"बघू."

मी फोन ठेवून संतापून म्हणाले की या माणसाला आत्ताही उकाडाच सुचतो. भाऊ म्हणाला, रुसलेत, चालायचंच. आत्या म्हणाली, "दादा ल्हानपणापासून तसाच हाय. त्याला जत्रंत न्हाई नेलं की जेवायचा न्हाई."

आईनं पाय पाण्यातून काढले आणि कोरडे करत शांतपणे म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते. नाही आले तर मी पूल ओलांडते."

आत्या उठून बसली. "वैनी, डोस्कं ठिकाणावर हाय का? समुद्राला वळसा घालून आलीस अन् हितं पुलावर हात टेकतीस?"

"ते असे रुसून बसले तर पुढं चालायचं कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजी? तुझ्यासाठी! आतापावतर कोण चाललं? दादा चालला का?"

आई गॅलरीत जाऊन टाकीकडं बघत उभी राहिली. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. आयुष्यात पहिल्यांदा या बाईनं स्वतःच्या मनाचं काही काढलं होतं. त्र्यंबक आता काही आठवड्यांवर राहिलं होतं, आणि ती ते एका माणसाच्या हट्टापायी टाकून द्यायला निघाली होती. ओलांडलेली नदी परत मागं जाऊन दुरुस्त करता येत नाही, सगळं पहिल्यापासून चालावं लागतं, आणि ते या वयात होणार नव्हतं. हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी बाबांचा पत्ता नव्हता. मी तिला मनवायला शब्द जुळवत होते. आत्यानं तर बोलणंच टाकलं होतं. आई स्वतःचं लुगडं धुऊन गॅलरीत वाळत घालायला गेली आणि तिथंच थबकली. खाली बराच वेळ कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"अगं, इकडं ये," ती म्हणाली.

मी बघितलं. वसतिगृहासमोरच्या रस्त्याच्या अगदी मधोमध, भिंतींपासून, खांबांपासून, झाडापासूनही लांब, भर उन्हात एक म्हातारा काळी छत्री उघडून उभा होता. हातात कापडी पिशवी. एक रिक्षावाला मागं, एक पुढं, दोघं हॉर्न दाबून बेजार. म्हातारा हलत नव्हता. मान वर करून एकेक मजला बघत होता.

आई आधी हसली. असं खदखदून हसताना मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "काय आपली अक्कल गं! त्या माणसाला आपण तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. आणि म्हणतोय रुसलेत."

मेसच्या मावशींनी मागून सांगितलं की हे बाबा काल संध्याकाळीही आले होते, असेच उभे राहून गेले. उकडतंय म्हणजे काय ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ऐन वेळेला मी त्यांना कूलर सांगत बसले.

आई त्या सोललेल्या पायांनी जिना उतरली, कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आत्या झोळ्या घेऊन मागोमाग. वसतिगृहाच्या आवारात एका कडेला पोरींच्या सायकली लावायची जागा होती, वर पत्रा, बाजूंनी मोकळी. सायकली आता नव्हत्या. आईनं वर बघून खात्री केली आणि मग फाटकातून हाक मारली, "अहो, इकडं या. पत्राच आहे."

बाबा आले. आधी पत्रा बघितला, मग लोखंडी खांब हलवून बघितला, मग आईकडं बघितलं. "पाय बघ काय करून घेतले," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी एरंडेल तेलाची बाटली काढली, आणि दशम्या. तेल ते स्वतः लावायला बसले. माझ्यासमोर त्यांनी आईला कधी हातही लावला नव्हता, म्हणून मी उगाच सतरंजी आणायला वर गेले आणि सावकाश आले.

मी आले तेव्हा आत्या तोंड उघडून बसली होती. मौन दिवसभरही टिकलं नव्हतं. "दादा, तुला एक दाखविते," म्हणाली आणि आईच्या झोळीत हात घालून दोन स्टीलचे गिलास काढून फरशीवर ठेवले. "ह्या बायनं हितून समुद्रापावतर अन् समुद्रापासून हितवर रोज हे पालथे घातले उशाशी. मी म्हनलं, वैनी, दादाच्या गिलासांपास्नं सुटलीस, अन् हितं काय करून राहिलीस?"

आई लाजली. "सवय झाली. त्याशिवाय डोळा लागत नाही."

बाबांनी एक गिलास उचलून उगाच फिरवून बघितला. मग शाळेतल्या पोरासारखे एकेक विचारायला लागले.

"झोपायच्या कुठं तुम्ही?"

"देवळात. शाळेत. तेलुगू लोकांच्या घरी."

"स्लॅबचं घर?"

"बहुतेक स्लॅबचंच."

"मग?"

"मग काही नाही. हे लावले की झोप लागायची."

"पडले का कधी?"

"एकदा पडले. कुत्रं शिरलं होतं."

बाबा हसले नाहीत. बराच वेळ ते त्या इमारतीकडं बघत राहिले, खालून वरपर्यंत, जशी काही ती त्यांना काही विचारत होती. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला माझा वीट आला. म्हणून निघालीस."

"वीट तुमचा नाही आला," आई म्हणाली. "पत्र्याचा आला."

मी माझ्या आईला असं सरळ बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी मान हलवली, बाटलीचं बूच लावलं आणि म्हणाले, "पूल ओलांडू नको. पुरं करून ये." आणखी थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "तोवर मी आत झोपायचं बघतो."

उरलेला मुक्काम आम्ही सगळ्यांनी त्या सायकलींच्या जागेतच काढला. मी मागून घेतलेली हवेशीर खोली रिकामी पडली. निघायच्या दिवशी बाबा आईची झोळी खांद्याला लावून पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत चालत गेले, आणि तिथून रिक्षानं परत फिरले. मी लातूरला लेकीच्या क्रॅश कोर्सकडं परतले, आणि सराव परीक्षांच्या धबडग्यात बाबांचं ते बोलणं मीही विसरून गेले.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा दोघी परिक्रमा पुरी करून, त्र्यंबकला पाणी वाहून, गाडीनं नांदेडला आल्या. मीही लेकीची प्रवेश परीक्षा उरकून घरी आले होते. वहिनीनं पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आणि आई किती तरी महिन्यांनी आपल्या घराचा उंबरा चढली. सरळ मागच्या खोलीत गेली. पडवीत उघडणारं त्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि त्यात बाबांची खाट अडकली होती. दोन पाय उंबऱ्याच्या आत, दोन बाहेर पडवीत. उशी बाहेरच्या बाजूला, पत्र्याखाली.

आत्यानं कंबरेवर हात ठेवले. "अगं बया! पाय आत अन् डोस्कं बाहेर! पडला स्लॅब तर पाय मोडू दे म्हन की."

बाबा खाटेशेजारी उभे होते, पाहुण्यासारखे. "लई बघितलं," ते आईला म्हणाले. "एवढंच झालं माझ्यानं."

आईनं झोळीतून ते दोन गिलास काढले, खाटेच्या आतल्या पायांशी पालथे घातले आणि शेजारी जमिनीवर आपली गादी घातली. तेवढ्यात लेकीचा काही तरी घोळ निघाला आणि मी तिकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. आई भिंतीकडं तोंड करून गाढ झोपली होती. बाबाही झोपले होते, आणि त्यांची उशी आतल्या बाजूला होती.